कळसावरचं नाव

१२ जानेवारी २०२६, सोमवार

काम मिळालं! निंबाआप्पांच्या ज्योतीचं लग्न – बावीस फेब्रुवारी. छापील पत्रिका चारशे, आणि शिवाय मोबाइलवर उघडणारी वेबसाइट. वेबसाइट! सुरतेच्या रिंग रोडच्या त्या ऑफिसात चार वर्षं साड्यांचे कॅटलॉग केले. एका मॉडेलच्या अंगावरची साडी कापून दुसरीच्या अंगावर चढवली, दिवसाला चाळीस-चाळीस. पण पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत माझी म्हणावी अशी एकही वस्तू नाही. नोकरी सोडून साडेतीन महिने झाले, आणि ही पहिली.

माझे वडील, नाना, ज्या लूमच्या कारखान्यात काम करतात, तिथे निंबाआप्पा मुकादम. पलीकडच्याच गल्लीत घर. ज्योती शाळेत माझ्या दोन वर्षं मागे होती. तिची आई ती चार वर्षांची असतानाच गेली, तिला वाढवलं काकूने, इंदुबाईने. आप्पांच्या मधल्या भावाची – गणपतकाकांची – बायको. काका तर त्याच्याही आधी गेलेले. ज्योती तिला मोठी आई म्हणते.

आप्पा म्हणाले, पोरी, नाक कापू नको. मी म्हटलं, आप्पा, लिंबायतमध्ये अशी पत्रिका कोणी पाहिली नसेल. (हे बोलायची काही गरज नव्हती. पण बोलले.)

१३ जानेवारी, मंगळवार

मजकूर आला. देवा! ‘आपले विनीत’मध्ये एकसष्ट नावं! पत्रिका आहे की मतदारयादी? आणि प्रत्येकाला शेपूट – माजी सरपंच, निवृत्त मुकादम, चेअरमन, उपाध्यक्ष. एकाच्या नावापुढे ‘समाजसेवक’ लिहिलंय, तो आमच्या गल्लीत कॅरम खेळतो.

पहिलं नाव अर्थातच दगाआबांचं. आप्पांचे थोरले भाऊ, पंचाहत्तरीच्या पुढचे. पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये जन्म घालवला, आता तिकडेच मुलाकडे असतात. बोरसे घराण्यात त्यांच्या शब्दाशिवाय पान हलत नाही, असं आई म्हणते.

यादी आप्पांनी सांगितलेली आणि ज्योतीने लिहिलेली. साठ नावं निळ्या शाईत. एकसष्टावं काळ्या – नुसतं ‘इंदुबाई’. विसरलं असेल, मागून आठवलं असेल. पुढे.

यादीला तोंड कसं द्यायचं ते सुचत नाही. अक्षर बारीक केलं तर म्हाताऱ्यांना दिसणार नाही, मोठं केलं तर पत्रिकेची चादर होईल.

१५ जानेवारी, गुरुवार

उतराणचे, म्हणजे आपल्या संक्रांतीचे, दोन दिवस कॉम्प्युटरला हात लावला नाही. गच्चीवर नुसता आरडाओरडा, बोटं मांज्याने कापलेली, उंधियू खाऊन पोट तट्ट.

आणि तिथेच सुचलं! गल्लीतल्या देवळाच्या कळसाला एक पतंग अडकला होता. बघत बसले. वर निमुळतं, खाली रुंद. अगं, यादी अशी लावायची! सगळ्यात आखूड नाव टोकाला, मग त्याहून लांब, मग त्याहून लांब. एकसष्ट नावांचं एक शिखर. बाजूने रेघ नको, चौकट नको, फुलं नकोत, गणपतीच्या सोंडेतून निघणारी वेलबुट्टी तर मुळीच नको. नावांनीच आकार धरायचा. भोवती मोकळी जागा.

खाली धावत आले. आई ओरडली की दोरा पायात येईल. आला.

१९ जानेवारी, सोमवार

झालं. झालं! इतकं सुंदर काम मी आजवर केलेलं नाही, आणि हे मी कुणासमोर म्हणणार नाही म्हणून इथे लिहिते. लाल मातीचा रंग, त्यावर सोनेरी नावं. टोकाला एकटंच ‘इंदुबाई’, त्यावर सोन्याचा एवढासा ठिपका. तळाला सगळ्यात लांब ओळ – ‘श्री. दगा सखाराम बोरसे, निवृत्त मुकादम, पलसाणा’. ज्याला पदव्या जास्त तो खाली! गंमतच आहे. पण आकार पाहा ना.

वेबसाइटनेच दमवलं. माझ्या फोनवर शिखर दिसतं, आईच्या जुन्या फोनवर लांब ओळी मोडून खाली सांडतात, शिखराचं गाठोडं होतं. रुंदीप्रमाणे अक्षर लहान-मोठं होईल असं केलं. ऑफिसात वीरेंद्रसर म्हणायचे, सगळ्यात स्वस्त फोनवर उघडून बघ, मग बोल. त्यांची एवढी एक गोष्ट कामाची.

ज्योती प्रूफ बघायला आली. बराच वेळ शिखराच्या टोकाकडेच बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘हे असंच राहील?’’ मी म्हटलं, असंच म्हणजे काय, तेच तर डिझाइन आहे. तिने खाली सही केली आणि चहा न पिताच गेली. इतकं आवडलं म्हणायचं.

२० जानेवारी, मंगळवार

उधन्याला किरणभाईंच्या प्रेसवर. अक्षरं आकारात बदलून नेली होती, नाहीतर त्यांच्या मशीनवर जोडाक्षरांचे हातपाय सुटतात. कडेने कापण्यापुरता तीन मिलिमीटर जास्तीचा रंग. सोनेरी शाई नव्हे, खरी फॉइल – शाईचं सोनं वाळलं की मोहरीसारखं दिसतं. किरणभाईंनी पत्रिका हातभर लांब धरली आणि म्हणाले, ‘‘बेन, आ तो मंदिर थई गयुं.’’ तीस वर्षं पत्रिका छापणारा माणूस!

मग सही बघितली. कोनी सही छे? म्हटलं, नवरीची. ते म्हणाले की लग्नाच्या प्रूफवर ते घरातल्या वडीलधाऱ्याची सही घेतात, नवरीची नाही. मी म्हटलं, किरणभाई, दुनिया बदलली. त्यांनी खांदे उडवले आणि मशीन सुरू केलं.

२३ जानेवारी, शुक्रवार

चारशे पत्रिका पोचत्या झाल्या. वेबसाइटची लिंक पाठवली. संध्याकाळपर्यंत दोनशे बारा जणांनी उघडली!

२५ जानेवारी, रविवार

तीन चौकशा आल्या. एक वास्तुशांतीची पत्रिका, एक डोहाळजेवण, आणि चक्क एका लेसवाल्या व्यापाऱ्याची वेबसाइट. नाना जेवताना म्हणाले की कारखान्यात पत्रिका सगळ्यांनी पाहिली. मग भाकरी मोडत राहिले. नानांच्या तोंडून एवढं म्हणजे मिरवणूकच.

२७ जानेवारी, मंगळवार

पत्रिका परत आली.

पहिली देवापुढे ठेवतात, दुसरी दगाआबांना. आप्पा स्वतः, गडबडीत नावं न वाचताच, पलसाण्याला देऊन आले होते. आबांना वाचता येत नाही. नातवाने वाचून दाखवली. आज त्यांच्या मुलाने ती तशीच आप्पांच्या दारात आणून ठेवली – कोपऱ्यावर हळदीकुंकू आणि सगळं. निरोप एवढाच की ही आमच्या घरची पत्रिका नाही, आम्ही लग्नाला येणार नाही.

आप्पा दुपारी आले ते चपला न काढताच. इतकं लाल मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. थोरला भाऊ सगळ्यात खाली, आणि सगळ्यांच्या डोक्यावर विधवा बाई! आमच्यात तिचं नाव पत्रिकेत घालतच नाहीत, हे तुला माहीत नाही? तू काय इंग्लंडहून आलीस? मी तर ते नाव सांगितलंच नव्हतं, आप्पा ओरडले! मी यादी दाखवली. काळ्या शाईतलं ज्योतीचं अक्षर त्यांनी ओळखलं. मग म्हणाले, नाव काढ आणि पुन्हा छाप. थोरला भाऊ मांडवात नसेल तर मी मुलगी कुठल्या तोंडाने देऊ?

आई दारातून सगळं ऐकत होती. ते गेल्यावर पत्रिकेतल्या कळसावर बोट ठेवून एवढंच म्हणाली, ‘‘तुले कोनी सांगं व्हतं कयस काढाले?’’

माहीत होतं मला. विधवेचं नाव नसतं हे मला माहीत होतं! लहानपणापासून शंभर पत्रिका वाचल्या आहेत. पण मी ती नावं म्हणून पाहिलीच नाहीत. लांबी म्हणून पाहिली.

२८ जानेवारी, बुधवार

ज्योतीला गाठलं. भांडायच्या तयारीने गेले होते. मला अडकवलंस, म्हटलं, आधी सांगायचं तरी. ती रडली नाही की चिडली नाही. म्हणाली, आप्पांना विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, म्हणून लिहिलं. कुठेतरी एका कोपऱ्यात बारीक अक्षरात येईल असं वाटलं होतं. तू तिला वर नेऊन बसवलंस आणि मला बोलवेना.

मग म्हणाली, ‘‘काढायचं तर काढ. पण मोठ्या आईला तूच जाऊन सांग.’’

गेले. इंदुबाई ओट्यावर साडीला टिकल्या चिकटवत बसली होती. मांडीवर साडी, हातात गोंदाची नळी, बोटं थांबत नाहीत. शेजारच्या चार बाया सोबत. बायांना आत पाठवलं, मला चहा दिला. मी काही बोलायच्या आतच म्हणाली –

‘‘काढी टाक माय. पोरनं लगीन शे. मना नावपायी कोनले तरास नको.’’

आवाजात काही नव्हतं. ना राग, ना दुःख. मीठ जास्त झालं तर पाणी घाल, तसं. पण उठताना आत नजर गेली. पत्रिका देव्हाऱ्यात नव्हती. तिच्या गोधडीच्या घडीवर, उशीपाशी होती. आणि टोकावरचा सोनेरी ठिपका बोट फिरवून फिरवून निम्मा उडाला होता. फॉइल अशी उडत नाही, त्याला बराच हात लागतो.

मला शरम वाटली. लिहितेच स्पष्ट – शरम वाटली. मी तिला मुद्दाम वर बसवलं असतं तर गोष्ट वेगळी. मला टोकाला एक आखूड शब्द हवा होता, एवढंच. आणि तिचं नाव आखूड होतं, कारण त्यापुढे कुणी काही लिहिलंच नव्हतं.

नाव काढणार नाही. कसं ते माहीत नाही. पण काढणार नाही.

२९ जानेवारी, गुरुवार

लेसवाल्याचं काम थांबवलं. वास्तुशांतीवाल्यांना पुढच्या आठवड्यात या म्हटलं. आप्पांचे चार फोन. उचलले नाहीत.

३० जानेवारी, शुक्रवार

सकाळी रिक्षा, मग बस, मग पुन्हा रिक्षा. पलसाणा. हायवेच्या कडेला मिलच्या चिमण्या, नाल्याचं पाणी आज जांभळं. लॅपटॉप छातीशी धरून दगाआबांच्या दारात उभी राहिले. सांगितलं, मी उखाची पोर जयश्री, पत्रिका केली ती मीच.

आबा खाटेवर बसले होते. ‘बस’ म्हणाले. रस्ताभर पाठ केलेलं भाषण सुरू केलं – आबा, तुम्ही तळाला आहात म्हणजे पाया आहात, सगळं शिखर तुमच्यावर उभं आहे... त्यांनी हात वर केला. ऑफिसात गिऱ्हाईक पटवायला अशी वाक्यं चालायची. इथे पहिल्याच वाक्याला बंद.

मला म्हणाले, पत्रिका काढ आणि सगळी नावं वाच, वरून खाली. वाचली. एकसष्ट. मध्ये एकदा मी पाणी प्यायले. 

मग आबा म्हणाले, ‘‘बाईनं नाव वर अन् मनं खाले, हाई चुकनंच. पन पत्रिका मी त्यानामुये परत नही धाडी. मना गणपत कोठे शे?’’

मला कळलंच नाही. ते सांगत गेले. तिघं भाऊ शेंदुर्णीहून एकाच गाडीने सुरतेला आले. गणपत दुसरा. मिलमध्ये दोघं शेजारी शेजारी उभे असायचे, रंगाच्या कुंडावर. तो गेला तेव्हा खांदा यांनीच दिला. आणि आता घरच्या लग्नात त्याची बायको छापली ती नुसती ‘इंदुबाई’.

‘‘ती काय वारावर उडी ऊनी? तिले घर नही का?’’

म्हातारा रडत होता. मी लॅपटॉप उघडायचा की नाही या विचारात तशीच बसून राहिले.

मग उघडला. विचारलं, आबा, तुम्ही सांगा, कोण कुठे. हे मी यादी मिळाली त्याच दिवशी विचारायला हवं होतं. त्यांनी वयाप्रमाणे सांगायला सुरुवात केली. पहिले ते स्वतः. दुसरा गणपत – आणि थांबले. मी म्हटलं, ते नाहीत तर त्यांच्या जागी कोण लिहू? खोलीत सून होती, नातू होता. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

‘‘तीच ना. दुसरं कोन शे,’’ आबा म्हणाले.

१ फेब्रुवारी, रविवार

शिखर मोडलं.

‘श्रीमती इंदुबाई गणपत बोरसे’ – आता ती टोकावर मावत नाही, आणि तिची जागाही टोक नाही. दोन तास खटपट केली. कमानीत बसवून पाहिलं, दोन शिखरं करून पाहिली. प्रत्येक वेळी कोणीतरी चुकीच्या माणसाच्या खाली गेलं. शेवटी सगळं पुसलं. डावीकडून सरळ ओळी, एकाखाली एक, वयाप्रमाणे. पहिल्या तीन ओळी – दगाआबा, इंदुबाई, निंबाआप्पा – किंचित मोठ्या. समाजसेवकाचं शेपूट कापलं, त्याला कोणी विचारणार नाही. भोवतीची मोकळी जागा मात्र तशीच ठेवली. तेवढी माझी.

दिसायला साधी आहे. सुंदर नाही. पण कुठल्याही फोनवर मोडत नाही, हे एक बरं!

आप्पांना दाखवली. आबांचं नाव पहिलं पाहून श्वास सोडला. दुसऱ्या ओळीवर थांबले. मी म्हटलं, आबांनी सांगितलंय. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली आणि मला विचारलं, आबांनी गणपतदादाचं नाव स्वतः घेतलं? मी हो म्हटलं. मग म्हणाले, छाप.

३ फेब्रुवारी, मंगळवार

प्रूफवर दगाआबांचा अंगठा आणला. किरणभाईंनी तो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, हवे साचुं प्रूफ – आता खरं प्रूफ. चूक माझी, म्हणून दुसऱ्या छपाईचा कागद माझ्याकडून. त्यांनी मशीनचं काही घेतलं नाही. मी कागद-फॉइलच्या गप्पा मारणारी बाई, आणि हा माणूस पहिल्या दिवशीच बरोबर बोलला होता.

वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवलं आहे – आधी विचार, कोण कोणाचं. मग फॉण्ट.

जुन्या पत्रिका घरोघरी जाऊन परत घेतल्या. तीनशे नव्याण्णव मिळाल्या.

२२ फेब्रुवारी, रविवार

लागलं लग्न! आबा आले. पांढरी टोपी, नातवाचा हात धरून, सगळ्यांच्या आधी. आप्पा त्यांच्या पाया पडले तेव्हा दोघंही जरा जास्त वेळ तसेच राहिले.

आणि हे मुद्दाम लिहून ठेवते. माइकवाला पत्रिका हातात घेऊन मानाची नावं पुकारत होता. ‘‘श्रीमती इंदुबाई गणपत बोरसे यांनी नवरीला आशीर्वाद द्यायला यावं.’’ इंदुबाई मागे बायकांत उभी होती. तिने मान वळवून पाहिलं, कोणाला बोलावतात म्हणून. दोनदा पुकारावं लागलं. मग शेजारणीने तिला ढकललं, तेव्हा ती पुढे गेली. ज्योती मांडवातच तिच्या गळ्यात पडली. माझेही डोळे भरले, आणि आईचे तर विचारू नका.

मी केलं हे! टोकावरून उतरवून योग्य जागी बसवलं, तिचं पूर्ण नाव तिला मिळवून दिलं. एक शिखर गेलं तर गेलं. आज मी स्वतःवर बेहद्द खूश आहे.

२ मार्च, सोमवार

इंदुबाई आली. पहिल्यांदाच माझ्या खोलीत. टिकल्यांच्या कामाला आता अकरा बाया झाल्या, मार्केटमध्ये देण्यासाठी कार्ड हवंय, आणि मोबाइलवर पाठवता येईल असं पान. मी उत्साहाने टाइप केलं – श्रीमती इंदुबाई गणपत बोरसे. ती खुर्ची ओढून जवळ आली. पिशवीतून ती चारशेवी पत्रिका काढली आणि माझ्यापुढे ठेवून टोकावर बोट टेकवलं.

‘‘इतलंच लिख. इंदुबाई. मांगे-पुढे कायबी नको. मोठा अक्षरमा.’’

मागचं-पुढचं सगळं पुसलं.